समोरच्या दाराचा फराळ

हॅलो?… हॅलो, ईश्वरी? हं, आता येतंय ऐकू. थांब, गॅस बंद करते… अनारसे गं. फसलेच.

बाबा? लुसैलला, स्टेडियमच्या साइटवर. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलाय, दिवाळीला कोण विचारतो? तू सांग, तिकीट काढलंस ना?

…अजून नाही? अगं, एक तारखेपासून मॅचचं कार्ड असेल त्यालाच कतारमध्ये घेणार आहेत. बाळंतपणाला आलेय म्हटलं तर कोण सोडेल तुला? आणि पुढे पोट बघून विमानवालेही… हो, हो… अगं ऐक ना. पहिलं बाळंतपण माहेरी नको?

जावई काय म्हणतो, यानी?… जा म्हणतो ना? मग?… रशियाचं काही झालं तर त्याला लष्कराचं बोलावणं कधीही येईल, म्हणून तू हलणार नाहीस. बरं… तुमचं फिनलंड नाटोत गेलं की तुझा जीव भांड्यात पडेल. कळतं गं, मीही बातम्या बघते. बाकी सगळ्यांच्या संसदांनी हो म्हटलंय, तुर्कस्तान आणि हंगेरी तेवढे अडलेत. कधी घेणार मत?… कुणालाच माहीत नाही! मग बाळाला काय सांगू? ठराव पास होईपर्यंत आतच थांब?

…हसू नकोस. दमले मी आता.

नेर्मिनबाई? आहेत की, समोरच्याच दारात… नाही दिला त्यांना फराळ. मुद्दाम. तुर्की ना त्या! तुर्कस्तानची संसद हो म्हणेपर्यंत एक चकली मिळायची नाही… ओरडतेस काय? माहितेय, त्या बिचाऱ्या कुठे निवडून गेल्यात!

थांब, बेल वाजली…

…हॅलो? आहेस ना? त्याच होत्या. पुडी हातात दिली, 'फॉर ईश्वरीज बेबी' म्हणाल्या, आत काही आल्या नाहीत… मोजे आहेत. एवढुस्से. हातानं विणलेले… लोकरीचे गं. चांगले जाड. कतारात कुठलं बाळ लोकर घालतं?

…हो.

…हो गं, तिकडच्या थंडीसाठी. म्हणजे तू येणार नाहीस, हे त्यांना विणायला घेतानाच कळलं होतं. मलाच तेवढं…

नाही, रडत नाहीये. कांदा?… अनारशांत कुठला कांदा! ऐक, तुमच्या व्हिसाला काय काय लागतं ते पाठव. मोजे घेऊन मीच येते. डिंकाचे लाडूही आणते, यानीलाही खावे लागतील.

चल, ठेवते. समोर ताट द्यायचंय… हो गं, अख्ख्या चकल्याच देते. तुटक्या आहेत की मला.