औषध नको म्हणाले

चंद्राबाई : म्हंजे औषिद नाय, असंच ना? मग सरळ सांगा ना, डाक्टर.

डॉक्टर : सरळच सांगतोय, चंद्राबाई. नामाला रक्ताचा कॅन्सर आहे, पण रेंगाळणारा. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, आत्ता औषध नको, नुसतं लक्ष ठेवा.

चंद्राबाई : कळंबच्या गजालापन असंच बोलले. औषिद नको, घरी न्या. आठवडाबी नाय काढला त्यानं.

नामा : म्हनून हिनं सासरनं दोनी लेकी बोलावल्या. काल कोंबडी, आज बोंबील. चौक गावावरनं मेव्हना आला, माझ्या तोंडात पेढा कोंबला नि रडाय लागला. मी इचारलं, अरं, कोन गेलं?

चंद्राबाई : गप बसा तुमी!

डॉक्टर : गजाला द्यायला औषध उरलं नव्हतं. नामाला अजून लागतच नाही. फरक आहे, बाई.

चंद्राबाई : मंग धाकट्या लेकीचं, हिरूचं लगीन पुढल्या साली धरलं तर चालंल? हे असतील ना मांडवात?

डॉक्टर : ते... कसं सांगू? पेशीच्या आत काही प्रथिनं असतात. ती निरोप पोचवतात, वाढ, थांब, असे. या आजारात थांबायचा निरोप पोचत नसावा. काहींच्यात वाढ सावकाश होते, माणूस वीस वर्षंही काढतो. काहींच्यात आजार एकदम उसळतो.

नामा : आन माझ्यात?

डॉक्टर : परदेशात आता कुठं त्याचा शोध चाललाय. मी वाचतो, पण मलाही सगळं उमगत नाही. तुझं काय होईल ते नक्की सांगणारी तपासणी आज कुठंच नाही, नामा.

चंद्राबाई : म्हंजे तुमालाबी ठावं नाय?

डॉक्टर : नाही.



चंद्राबाई : हे आदी का नाय बोललात? मला वाटलं, ठावं हाय नि लपवताय.

डॉक्टर : चुकलंच. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू. मानेत-काखेत गाठी वाढल्या, ताप आला, तर लगेच या. तेव्हा औषध देऊ.

चंद्राबाई : मंग लगीन ह्याच माघात.

नामा : बघा डाक्टर, हिनं मला धाडलाच वरती! अगं, पुढल्या साली असलो तर काय करू मी?

चंद्राबाई : हिरूला बाळंतपनाला आनाय जावा. बापानंच जायाचं असतं.