शेवटच्या बाकावरचे डॉक्टर

दवाखान्याचा झगा आणि मास्क घालून तपासणीसाठी बसलेल्या निवृत्त हृदयतज्ज्ञ लिंडक्विस्टांना समोरच्या दोघी म्हाताऱ्यांनी ओळखलं नव्हतं.

“इर्मा, आमच्या ऑर्विलच्या अंत्यविधीला लिंडक्विस्ट डॉक्टर आला होता. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला.”

“आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणाआधीच पळाला ना? आमच्याकडेही तेच! चर्चच्या तळघरात मी त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.”

“लाज वाटत असेल गं. हातचा पेशंट गेला.”

“कसली लाज? माझा विल्मर सहा महिन्यांचा सोबती होता, या डॉक्टरमुळे त्यानं अकरा वर्षं काढली. तेच सांगायचं होतं. पण मेला थांबेल तर!”

नर्सनं हाक मारली, “डॉक्टर लिंडक्विस्ट, चला.”

ते उठले आणि इर्माशेजारी जाऊन बसले.

“थांबलोय,” ते म्हणाले. “सांगा.”