आरतीच्या जागी

(अकोटजवळचं एक गाव. सकाळची वेळ, मार्थाबाई तायडे यांची ओसरी. त्यांचे भाऊ वसंतराव, ख्रिस्ती कीर्तनकार, अमरावतीहून आलेले. समोर शेजारचे कास्तकार चंद्रभान.)

चंद्रभान : नारळ आणून ठेवला वयनी. शेंदूरबी आणला. अन् आता तुमी नाई म्हणून राहिल्या, तं मी गावाले काय तोंड दाखवू?

मार्थाबाई : शेंदूर? माह्या शमूले? लहानपणी नुसती पावडर लावली तरी पुसून पळे तो.

चंद्रभान : आता तो नुसता तुमचा शमू नाई राह्यला. देशासाठी गेला. चौकात पुतळा बसोला, तो काय कावळ्यायले बसाले? पोरायनं त्याच्या नावाची आरती बनोली. उद्या त्याच्या जाण्याचा दिवस हाय, पह्यला मान आईचा, असं सर्वायनं ठरोलं.

वसंतराव : चाल कुठली दिली आरतीला?

चंद्रभान : बॅन्डवाल्या गोपालनं देल्ली. लग्नातली हाय, पण हळू म्हटली का चालते.

मार्थाबाई : पाय वसंता. माह्या पोराले नवरदेवबी केलं अन् देवबी, एकाच दिवशी.

वसंतराव : चंद्रभानभाऊ, रागावू नका. गावाचं प्रेम आम्हाला दिसतं. पण आम्ही एका देवापुढेच वाकतो. शूराचा मान करू, त्याच्यासाठी उभे राहू, त्याचं नाव घेऊन गाऊ. पूजा मात्र त्याची नाही करत.

चंद्रभान : महाराज, हेच तं लोक बोलतीन. काल पानठेल्यावर एक जण म्हणे, पोरगं देशाले दिलं अन् मायले दिवा ओवाळता येत नाई. त्याले असा झाडला म्या, का पान तसंच टाकून गेला. पण उद्या कोणाकोणाचं तोंड धरू?

वसंतराव : महाराज नको हो. बुवा म्हणा.

मार्थाबाई : भाऊ, मी हट्टानं नाई म्हणत. देव केला का त्याले आई उरत नाई. रोज सकाळी त्याच्या फोटोसंग भांडण असते माहं. फोन कावून नाई केला, स्वेटर कावून नाई घातला. देवासंग भांडता येते का असं?

चंद्रभान : माही बायको पार्वता भांडते. रोज.

मार्थाबाई : भांडत असन. पण ती त्याले स्वेटर घाल नाई म्हणत.

चंद्रभान : बरं. मंग उद्या करता काय तुमी?

वसंतराव : कीर्तन. पेटी माझी, टाळ-मृदंग तुमच्या भजनी मंडळाचा. त्यांना विचारलं, ते आनंदानं हो म्हणाले. पूर्वरंगाला पद बांधलंय, ऐका —

कुणाच्या वावरी फुटलं बोंड, वेचलं कुणाच्या हातानं,
एक झालं सूत, तेव्हा झेंडा डोलला वाऱ्यानं.

एकदा जिनिंगमध्ये पडला की कापूस ओळखा पाहू. तायड्यांचा कुठला, पाटलांचा कुठला, शेखभाईंचा कुठला?

चंद्रभान : एक ओळखू येते. वजन वाढवाले ओला केला असन तो वामनरावचा.

मार्थाबाई : हे उद्या चौकात नका बोलू.

वसंतराव : पलटणीतही तसंच. शमू फोनवर सांगायचा, नाताळला पेटीवर सरदारजी, ढोलकीवर तुमचा मुलगा पियुष, अन् गाणं आमच्या प्रभूचं. दिवाळीत मंदिरावर माळा लावायला शिडीवर शमूच. उत्तररंगाला मी त्या प्रभूची कथा लावणार, ज्यानं मित्रांसाठी स्वतःचा जीव दिला. आणि शेवटी, आरतीच्या जागी, साक्ष.

चंद्रभान : साक्ष? कोर्टातली?

मार्थाबाई : नाई हो. आमच्यात ज्याचं देवानं भलं केलं, तो मंडळीपुढं उभा राहून सांगते, असं असं झालं. उद्या ते तुमी सांगाचं.

चंद्रभान : मी? वयनी, नारळ फोडाले सांगा, पोतंभर फोडतो. गावजेवण सांगा. बोलाले नका सांगू.

मार्थाबाई : बाजार समितीत तं तुमचा आवाज रस्त्यावर ऐकू येते.

चंद्रभान : ते कापसाच्या भावाचं बोलणं हाय. हे... आरतीत कसं, हाती ताट असते, ढोल वाजते, कोणाले काई बोलाव लागत नाई. तुमच्या दारावरून रोज जातो. राम राम घालतो अन् खाली पाहून पुढं होतो. माहा पोरगा घरी जेवून राहिला, तुमचा नाई. मले कुठंतरी हात जोडाचे होते.

मार्थाबाई : माहीत हाय मले. म्हणूनच सांगून राहिली. तुमी नारळ फोडून मोकळे व्हाल, अन् मी तशीच राहीन. पलटणीचे साहेब आले, कागदावरचं वाचून गेले. पियुष पायावर पडला, रडला, त्याच्यानं बोलणं झालं नाई. त्या दिवशी काय झालं, ते मले माणसाच्या तोंडून ऐकाचं हाय, भाऊ.

वसंतराव : आत्ताच म्हणून पाहा. एकदा तोंडात बसलं की उद्या अडणार नाही.

चंद्रभान : आता? बरं. व्यासपीठावरील सन्माननीय...

मार्थाबाई : व्यासपीठ कुठं हाय? आमी दोघं हावो अन् ही मांजर.

चंद्रभान : बरं. मी चंद्रभान. माहा पियुष अन् मार्थावयनीचा शमू एका पलटणीत होते. पहाटं बर्फाचा कडा कोसळला, तंबू गाडला गेला. शमू पहाऱ्यावर होता, बाहेर. त्याले काईच नाई झालं. त्यानं हातानं बर्फ उकरून पियुषले ओढून काढलं. पियुष म्हणे, आत आणखी एक हाय, आसामचा. शमूनं आपले हातमोजे काढून पियुषच्या हातात चढवले. म्हणे, तू बस, मी आलोच. अन् गेला. मंग वरून दुसरा कडा आला.

वसंतराव : हं.

चंद्रभान : तो नाई आला. माहं पोरगं आलं.

मार्थाबाई : मी आलोच, म्हणे?

चंद्रभान : हो. जसं काई दुकानावर जाऊन येतो.

वसंतराव : भाऊ, उद्या मी आधी गाऊन घेतो. तुमच्यानंतर माझं पद कुणी ऐकायचं नाही.

चंद्रभान : पण बोलून झाल्यावर लोकायनं काय कराचं? टाळ्या?

वसंतराव : आम्ही आमेन म्हणतो.

चंद्रभान : गावाले येईन ते?

मार्थाबाई : ज्याले येईन तो म्हणन. बाकीचे राम राम म्हणतीन. मनातलं देवाले समजते.

चंद्रभान : अन् नारळ?

मार्थाबाई : पूजेत नाई ना लागला अजून? मंग ठेवा इथं. वड्या करतो आमी, साऱ्या गावाले पुरतीन.

चंद्रभान : बरं, निघतो. बोललो त्यात काई कमी-जास्त कराचं का, वयनी?

मार्थाबाई : काईच नाई. बसा. आणखी एकदा सांगा, पह्यल्यापासून.