उशिरा पोचलेला होकार

फोनचं दुखणं मला विचारा. देवरीकडच्या आमच्या गावात एकच फोन होता, माझ्या दुकानातला, उपग्रहावरचा. उपग्रह इतका उंच, की बोललेलं पलीकडे उशिरा पोचायचं. पलीकडचं उत्तर येईपर्यंत थांबा, असं सगळ्यांना सांगून सांगून मी थकलो होतो.

एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बूथवरून आमच्या गावातल्या रमाला तिच्या भावाने विचारलं, "पोरगा पसंत हाय का?"

रमा "हो" म्हणाली. ते पोचायच्या आतच भाऊ खेकसला, "काऊन बोलत नाही? नापसंत हाय का?" आणि लगेच त्याला ते "हो" ऐकू आलं. त्याने फोन आपटला, पाहुण्यांना नकार कळवला.

हे कळल्यावर रमा रडायला लागली. शेवटी मीच एसटीने गोरेगावला जाऊन होकार पोचवला. लग्न झालं.

भाऊ अजूनही भेटला की विचारतो, "का गा, रमा पहिले नाही काऊन म्हणाली होती?"

मी म्हणतो, "लाजली असंल."