मामाच्या गाडीचा पांढरा धूर

गाडीच्या धुराचं मला सांगू नका राव! पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. भोसरीच्या आमच्या मामानं बैलजोडी विकून भाड्यानं फिरवायला जुनी मोटार घेतली. दसऱ्याला आळंदीचं पहिलंच भाडं. मामानं हार घातला, नारळ फोडला, गाडी सुरू केली आणि मागून असा पांढरा धूर सुटला की समोरचं मारुतीचं देऊळ दिसेना.

शेजारच्या रहीमभाई मिस्त्रींना बोलावलं. ते सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. "काळा धूर असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं. निळा असता तर ऑइल जळतंय. पण हा पांढरा. इंजनात पाणी शिरलंय, भाऊ. खोलावं लागंल."

मामा गाडीच्या हाराकडं बघत म्हणाला, "आजच?"

तेवढ्यात रहीमभाईंनी नाक वर केलं. "लोणी कोण कढवतंय?" मग पुन्हा वाकून धूर हुंगला. "अरे, हे तर साजूक तूप!"

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. "मंग? पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारायचो न्हाई का? आता हीच आपली बैलजोडी. म्या तिच्या मागल्या नळीत घास भरवला, वर वाटीभर तूप बी ओतलं."

"अगं, ते तोंड न्हाई तिचं!" मामा ओरडला.

"मंग तोंड कुठाय?"

इंजन वाचल्याच्या आनंदात मामानं हसत हसत पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं.

"असं व्हय," मामी म्हणाली. "पुढल्या दसऱ्याला ध्यानात ठीवते."

मामा आळंदीहून परतला तो टाकीला कुलूप घेऊनच.