गाळलेला आठवडा

हॅलो?

हॅलो… कोण? जरा मोठ्याने बोल गं, नुसती घरघर ऐकू येतेय… हां, आता आला आवाज. लॅबच्या फोनवरून बोलतेयस होय. बरं केलंस, त्या तळघरात तुझ्या मोबाइलला कधी रेंज मिळालीय.

नाही, घरी कुठली. इथेच आहे, तुझ्या डोक्यावर. वर्गात. पोरं मघाशीच गेली, सतरंज्या गुंडाळतेय. आज एका पठ्ठ्याने खडू खाल्ला… खडू. पिवळा… काही नाही झालं, उलट अजून एक मागितला.

हो, हो… वाचलं. अगं वाचलं म्हणजे काय, दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंयस. नाही, मस्का नाही मारत, इतक्या वर्षांत तुझं क्वांटम पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं. सांगू काय कळलं? चुकलं तर थांबव. एक इवलासा कण… बरं, कण नाही, सर्किट. इवलंसं सर्किट. त्याला तुम्ही बर्फाहून कितीतरी थंड करून ठेवता आणि एका स्थितीत बसवता. तिथे ते थोडा वेळ टिकतं, मग ढळतं. पण दुपार उलटली की रोज ते वेळेआधीच ढळतं. बरोबर?… आणि तुमचं म्हणणं, वरून, आकाशातून काहीतरी येतं आणि त्याला ढकलतं. कुणी आजवर मोजलं नाही असं काहीतरी… हां. म्हणजे माझ्या वर्गासारखंच झालं की. दुपार झाली की बसवलेलं कुणी बसत नाही.

हस बाई, हस. किती दिवसांनी हसतेयस.

सर पेपर आजच पाठवणार?… म्हणजे कायमच्या जागेसाठी तुझी मुलाखत परवा, त्याआधी गेलेला हवा. माहितीये गं मला. पेपर गेला तर जागा कायम, नाही तर परत वर्षभराचं कंत्राट आणि परत तीच धाकधूक. आईने तर केव्हाच बोभाटा केलाय. काल मावशीचा फोन, तुमच्या धाकटीने म्हणे आकाशात काहीतरी शोधून काढलं. मी म्हटलं, मावशी, ती तर तळघरात बसते…

उद्या सकाळी पाठवला तर नाही चालणार?… नाही, सहज विचारलं.

अगं ऐक ना. एक शंका होती. शेवटी बारीक अक्षरात तळटीप आहे बघ, मशीन बिघडल्यामुळे एक आठवडा गाळला म्हणून… हो, मी तळटिपा वाचते. तिसऱ्या मजल्यावरच्या वित्तवाल्या सरांनी लावलीय ही खोड. चहाला भेटले की एकच रडगाणं, लोक बाजाराचा अभ्यास करताना विचित्र दिवस आधी काढून टाकतात आणि मग नेमके तेच दिवस त्यांना बुडवतात. गाळलेलं आधी बघा, मॅडम, गाळलेलं आधी बघा. तेव्हापासून मी कुणाचाही पेपर शेवटून वाचते.

तर काय झालं होतं मशीनला?… सापडलं नाही. बरं. मग बिघडलं हे कशावरून ठरवलं?… आलेखावर उंचवटे आले नाहीत म्हणून. म्हणजे तो आठवडाभर ते सर्किट दुपारीसुद्धा शहाण्यासारखं बसून होतं… नाही गं, फाटे नाही फोडत. विचारतेय.

कोणता आठवडा?… तारीख राहू दे, साधारण सांग. ती तपासणीची समिती येऊन गेली, त्याच्या पुढचा?

… थांब, खुर्ची ओढून बसते.

छोटे, त्या आठवड्यात माझ्याकडे पोरं नव्हती.

कांजिण्या. तुला आठवत नसेल, तू त्या मशीनच्या पायाशी पडीक होतीस. माझी ती समाजकार्य विभागातली मैत्रीण, महिला निवाऱ्यात काम करते ती… हो, जाड चष्मेवाली. तीच दुपारी गाडीतून पोरं आणून सोडते, आया कामावर असतात तेवढा वेळ. तिचा फोन आला, एकीच्या अंगावर फोड आलेत. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरांना. अख्खा आठवडा वर्ग बंद ठेवला. माझ्या अभ्यासात तो भरता येईना, म्हणून मी गाळला… हो. तोच आठवडा. तू खाली गाळलास, मी वर गाळला.

काय करतात म्हणजे? आकडे शिकतात. फरशीवर चौकोन आखलेत, त्यात आकडे. मी सात म्हटलं की सगळ्यांनी सातकडे तोंड करून सात उड्या मारायच्या. सगळी एकदम… उड्या, हो. तोच तर माझा अभ्यास आहे, अंगाने शिकलेला आकडा पोरांच्या डोक्यात जास्त टिकतो का. दहादा सांगितलंय तुला. तू नुसतं हं हं करतेस… तसं तुझं ऐकताना मीही तेच करते म्हणा.

दुपारनंतर. रोज… नाही, शनिवार-रविवार नाही येत. पण शनिवार-रविवार तुमचंही मोजणं बंदच असतं ना, मशीनची देखभाल चालते म्हणून. तिथेच तर चकवा लागला, सुट्टीत उंचवटे येत नाहीत हे दिसलंच नाही.

हो, माहितीये, लिफ्ट तपासलीत. रस्त्यावरचे ट्रक तपासलेत, पंप तपासलात. मी कुठे म्हणतेय तुम्ही आळस केला? इमारतीच्या नकाशात ही खोली अजून सामानाची म्हणून दाखवलीय. मला मिळाली, ती कुणी नकाशात चढवलीच नाही. आणि तुमच्या त्या पंपाच्या घरघरीत छत कोसळलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. जुन्या कपाटांच्या खोलीत पोरं उड्या मारतात हे तुम्हाला स्वप्नात दिसणार होतं का?

… बोल. बोलून घे. मी ऐकतेय.

नाही, असं नाही. मला तुझं वाईट करायचं असतं तर मी छान आहे म्हटलं असतं आणि घरी गेले असते… हो, माहितीये दोन वर्षं. तू आजारी आईला भेटायला आलीस ती रात्रीच परत गेलीस, तेही पाहिलंय मी. जागेची काळजी मला नाही असं वाटतं का तुला? … योगायोग असेल. असू शकतो ना. मी कुठे नाही म्हणतेय. असावाच, असं मला वाटतंय.

मशीन आता चालू आहे? मग बघूनच टाक ना. इथे पोरं नाहीत, पण मी आहे. चार पोरांचं वजन एकटीचं भरेल माझं… गुडघ्याचं बघू नंतर. गेला तर गेला.

थांब, तू परत सांग. मी कधी मारते ते तुला सांगायचं नाही. मनाला येईल तेव्हा मारायची, आणि खाली तुला आलेखात दिसलं की तू म्हणायचं, आता. मग मी खरं काय ते सांगायचं… म्हणजे तुझी नजर तुला फसवणार नाही. हो. बरोबर आहे. रडत असलीस तरी डोकं ठिकाणावर आहे तुझं.

फोनवर धप्पकन ऐकू जाईल तुला. मी माझ्याकडून आवाज बंद करते, उत्तर द्यायचं झालं की चालू करीन. चपला काढतेय… छोटे, एक सांगू? रोज मी पोरांच्या मागे लागते, जोरात मारा, जमिनीला कळू दे. आज पहिल्यांदा वाटतंय, जमिनीला काही कळू नये. बरं. करते बंद.

… हो. मारली होती. सात वेळा. सवयच तशी पडलीय.

… हो. हीही मारली.

थांब, दम खाऊ दे… पाणी प्यायले. चल, करते बंद.

… हो गं.

… हो. आत्ता नुसत्या दोनच मारल्या, हळू मारल्या. तरी दिसलं? … इतकं नाजूक असतं का ते. बिचारं.

झालं का? … अजून एकदा. बरं. तू म्हणशील तितक्यांदा.

… हळू बोल, एकदम कळत नाही. काहीच आलं नाही? रेघ सरळ राहिली… हो, ऐकलं मी. इतका वेळ सरळ राहिली, आणि मारल्या असतील तर मग आधीचं सगळं योगायोगच. कळलं मला तू काय म्हणतेयस. कळलं.

…

विचारतेयस ना, मारल्या होत्या का.

खोटं बोलता आलं असतं तर बोलले असते गं. शपथ, आत्ता तोंडावर आलं होतं.

नाही छोटे. या वेळी मी उडी मारली नव्हती. नुसती उभी होते.

… हो.

हो. आहे मी इथेच, कुठे जातेय.

सरांना लावतेस?… आत्ताच? पाठवायच्या आत. बरं… नाही, आईचं तू बघू नकोस, आईला मी सांगेन. मावशीलाही मीच सांगेन… मुलाखतीला काय सांगायचं ते परवाचं परवा बघू. हे जे तू आत्ता केलंस तेच सांग. नाही कळलं त्यांना तर नाही कळलं.

मी खाली येऊ?… तुझ्यासमोर कुणी नको. बरं. सरांशी बोलताना कुणी नको, कळलं.

मग मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसते. बोलून झालं की दार उघड.

ठेवते.