तीन खाचांची लाडकी

दाढेनं आजींचा अर्धा जीव खाल्ला होता, पण कान शाबूत होते. दातांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारीच डॉल्फिनवर संशोधन करणारे दोघं अचानक भेटले. एक उत्तर किनाऱ्याचे सर, दुसऱ्या दक्षिण किनाऱ्याच्या बाई. बाईंनी लगेच मोबाईल काढला.

"ही आमची लाडकी. पाठीवरच्या पराला तीन खाचा, बघा."

"थांबा. ही आमची आहे."

"गेलं वर्षभर तर आमच्याकडेच असते."

"अहो, सहा वर्षं मी हिचे फोटो काढलेत. मग दिसेनाशी झाली, म्हणून अहवालात मेली असं लिहिलं."

"मेली कसली, सर? आमच्याकडे बाळंत झाली. पिल्लू चांगलं गुटगुटीत आहे."

"बाळंत? तुमच्याकडे?"

आजींचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे धाडलं.

"बोटीजवळ येते का हो?"

"येते की. पिल्लाला घेऊन चकरा मारते."

"माझ्या बोटीच्या शंभर हातांच्या आतसुद्धा कधी फिरकली नाही. असं करता तरी काय तुम्ही?"

"काही नाही. इंजिन बंद करतो आणि गप्प बसतो. तुम्ही?"

"आम्ही मागे लागायचो. फोटो नीट यायला नको?"

"असू दे. आता अहवाल सुधारा. जिवंत आहे म्हणून लिहा."

"लिहितो."

"मग तोंड का पाडलंत? आनंद नाही झाला?"

"खरं सांगू, बाई? मेली होती तोवर निदान माझी होती."